पोटाखालचं कासव

३ सप्टेंबर, सोमवार

सुट्टी. अख्खं डुलुथ गाव आज तलावाकाठी सॉसेज भाजतंय. मी घरात. बरी आहे.

सकाळी बेव्हचा फोन. बहीण म्हणून घ्यावा लागतो. "अजून तीच खेळणी चाललीयेत का गं?" असं विचारलं. साठ वर्षांची बाई मी— खेळणी! तिचा नवरा बदकं मारायला म्हणून तीन दिवस चिखलात बसतो आणि एकही बदक न आणता घरी येतो, त्याला मात्र छंद म्हणायचं.

हजारदा सांगितलंय तिला, आज हजार एकाव्यांदा सांगितलं. 'विलो क्वीन' हे १९७४ साली टीव्हीवर आलेलं जहाज. खाणीचा माल या ग्रहावरून त्या ग्रहावर वाहणारं, कळकट, पोचे पडलेलं. मालिकेचे तेरा भाग झाले आणि बंद केली गाढवांनी. आमचे बाबा आयुष्यभर इथल्या धक्क्यावर लोखंडाची माती बोटींत भरत आले. त्यांना टीव्हीवरचं काहीही पटायचं नाही, पण हे जहाज बघून म्हणाले होते, "हे खरं जहाज. मळलंय बघ." तेव्हापासून मला दुसरं जहाज नाही. ते गुळगुळीत, पांढरे, साबणाच्या वडीसारखे ताफे ज्यांना आवडतात त्यांना आवडोत.

स्टुडिओतल्या कारागिरांनी ते कसं केलं? दुकानातून रणगाड्यांची, बोटींची, ट्रॅक्टरांची जोडून करायची प्लॅस्टिकची किट आणली, सुटे भाग उपटले आणि जहाजाच्या अंगावर डकवले. लांबून बघणाऱ्याला वाटतं, केवढी यंत्रं! आमचं काम उलटं. बावीस फोटो उरलेत त्याचे— मूळ जहाज कचऱ्यात गेलं— त्या फोटोंत भिंग घालून बघायचं, कुठला तुकडा कुठल्या खोक्यातला ते ओळखायचं, तेच जुनं किट मिळवायचं, तोच तुकडा आपल्या प्रतिकृतीवर त्याच जागी लावायचा. दोनशे चौदा तुकडे. दोनशे तेरा माझ्या जहाजावर लागलेत. एक नाही. पोटाखाली मधोमध, कासवाच्या पाठीसारखा. जगात कोणालाही माहीत नाही तो कशाचा आहे. अकरा वर्षं त्या जागी भोक आहे.

बेव्ह म्हणाली, "मग एखादं बाटलीचं बूच लाव ना." फोन ठेवला.

८ सप्टेंबर, शनिवार

आमच्या मॉडेल बांधणाऱ्यांच्या क्लबची सभा. चर्चच्या तळघरात, नेहमीप्रमाणे. अकरा माणसं आणि अक्कल मिळून दीड जणाची, त्यातली एक माझी.

ट्रेंटनं नवीन छापलेलं जहाज आणलं. हा तरुण पोरगा नव्हे, चांगला पस्तिशीचा बाप्या, पण यंत्राला आज्ञा देतो आणि यंत्र थुंकल्यासारखं प्लॅस्टिक सोडत बसतं. त्याला हा 'बनवलं' म्हणतो. अंगावर रेघा, जणू कंगवा फिरवलाय. सगळ्यांनी वा वा केलं. माझ्याकडे आणलं. मी म्हटलं, घासून घे, मग दाखव. चौतीस वर्षं मी कवळ्या केल्यात. माझी कवळी घालून लोकांनी मक्याची कणसं खाल्लीत. मला गुळगुळीतपणा शिकवायचा नाही. मग तो पाऊण तास चाकू शोधत फिरला, जो त्याच्याच कानावर होता. काखेत कळसा!

आणि ऑर्विल स्टेनरुड. त्याचं काय लिहायचं? तीनशे चाळीस खोकी आहेत त्याच्या तळघरात. एकही उघडलेलं नाही! कारखान्यातून आलेल्या पारदर्शक वेष्टनासकट, रांगेत, सालांप्रमाणे. आत काय आहे ते त्यानं बघितलेलं नाही आणि बघणारही नाही. पुस्तकं विकत घेऊन पानं न कापणाऱ्याची जात. एकच जहाज बांधलंय त्यानं जन्मात— तेही 'विलो क्वीन'च, अर्थात, मी बांधलं म्हटल्यावर. त्याचे सुटे भाग तो फुटक्या, अर्धवट किटांतून गोळा करतो. सीलबंद खोक्याला हात लावायचा म्हटलं की त्याचा चेहरा असा होतो, जणू कोणी बाळाच्या टाळूवर बोट ठेवलं.

गेल्या वर्षी नोव्हेंबरात यानं सभेत उठून सांगितलं होतं, शेपटीवरची झडप अमक्या बोटीच्या किटातली आहे म्हणून. मी तिथल्या तिथे फोटो काढून दाखवलं— खिळे सहा, बोटीच्या झडपेला पाच. "मोजता येत नसेल तर बसावं," असंही म्हटलं. लोक हसले. तो बसला. तेव्हापासून सभेत तोंड उघडत नाही. क्लबचा फायदाच झाला.

आजची खरी बातमी: सेंट पॉलच्या संग्रहालयाच्या बाई १३ ऑक्टोबरला आमच्या प्रदर्शनाला येणार. त्यांना कायमची ठेवायला एक 'विलो क्वीन' हवी आहे. काचेच्या पेटीत, खाली बनवणाऱ्याचं नाव. दोनच आहेत राज्यात. माझी आणि त्याची.

मला ते नाव हवंय. इथे कोणी वाचणार नाही म्हणून लिहिते— फार हवंय.

९ सप्टेंबर

रंगकामाचं टेबल डुगडुगत नाहीये, हे एक बरं. मागचा पाय आखूड होता. ऑर्विलची गेल्या ख्रिसमसची डबी त्याखाली सरकवली तेव्हापासून ठाम. दर वर्षी हा सगळ्यांना बायकोच्या हातच्या चॉकलेटच्या वड्यांची चपटी डबी देतो, लाल कागदात गुंडाळून. मला साखरेचं दुखणं आहे हे त्याला वीस वर्षं माहीत. तरी देतो. डोकं कुठे गहाण टाकलंय कोण जाणे. ही डबी हलकीच लागली हाताला— डेलोरेसनंही हात आखडता घेतला असेल. उघडलीसुद्धा नाही. टेकू म्हणून मात्र झकास.

१४ सप्टेंबर, शुक्रवार

सापडलं.

सापडलं, सापडलं, सापडलं!

कॅनडातल्या सॅस्कटूनच्या एका म्हाताऱ्यानं आपल्या जुन्या किटांची माहितीपत्रकं इंटरनेटवर टाकलीत. चहा पीत सहज बघत होते. १९६८ चं, बटाटे काढायच्या यंत्राचं किट! कोण विकत घेत असेल असलं किट? पोरांना रणगाडे हवे असतात, विमानं हवी असतात, बटाटे कोणाला हवेत? पान तीन, तुकडा क्रमांक सत्तेचाळीस. गिअरवरचं झाकण. कासव! त्या बारीक कडा, डाव्या बाजूची ती खाच— बावीसही फोटोंशी ताडून पाहिलं. एकही शंका नाही.

एकटीच स्वयंपाकघरात नाचले. मग रडले थोडी. अकरा वर्षं म्हणजे काय थट्टा आहे?

मग विचार— हे किट कोणाकडे आहे? म्हाताऱ्याला लिहिलं. त्याचं बांधलेलं आहे, विकत नाही. विकाऊ कुठेही नाही. आणि मग आठवलं. तिसरी रांग, डावीकडून, पिवळं खोकं, त्यावर टोपीवाला शेतकरी. ऑर्विलच्या तळघरात!

कर्म माझं.

१६ सप्टेंबर, रविवार

चर्च सुटल्यावर ऑर्विलला गाठलं. कशासाठी हवंय ते अर्थातच सांगितलं नाही. सांगितलं की संपलंच— कासव तोच लावून मोकळा. म्हटलं, ते बटाट्याचं खोकं दे मला, चारशे डॉलर देते. त्या खोक्याला कुत्रं विचारणार नाही चाळीसला.

तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "आता कशाला तुला ते?"

आता कशाला! म्हणजे या वयात कशाला, असंच ना? स्वतः सदुसष्टचा आहे. मी म्हटलं, आवडलं म्हणून. तर म्हणे, "विकायचं नाही ते. दुसरं कुठलंही ने. ते नको." आणि मान खाली घालून बुटाकडे बघत बसला. याच्याशी बोलायचं म्हणजे गोठलेल्या तलावाशी बोलायचं.

डेलोरेस मधे आली, कॉफी घ्या म्हणाली. मला वड्यांबद्दल काही विचारेल म्हणून मी निघालेच. जानेवारीत ऑर्विलनं विचारलं होतं, डबी उघडलीस का म्हणून. एकदा नाही, तीनदा. शेवटी मी म्हटलं, हो हो, छान होती. तर "छान होती?" म्हणून तसाच उभा. अजून किती स्तुती हवी होती माणसाला बायकोच्या वड्यांची!

१७ सप्टेंबर

न उघडलेल्या खोक्यांचा मालक म्हणजे गवताच्या गंजीवरचं कुत्रं. स्वतः खाणार नाही, गाईलाही खाऊ देणार नाही.

२२ सप्टेंबर, शनिवार

हे लिहायलाच हवं.

प्रदर्शनाची तयारी ठरवायची बैठक ऑर्विलच्या घरी होती. सॅस्कटूनच्या म्हाताऱ्याकडून मी आधीच माहिती काढली होती— न बांधलेलं, पूर्ण किट खोक्यासकट किती भरतं? त्याच्या वहीत होतं: ४१२ ग्रॅम. असल्या वह्या ठेवणारी माणसं जगात आहेत म्हणून जग चाललंय. वर वेष्टन, तीन ग्रॅम धरा. ४१५.

मला नुसतं बघायचं होतं की आत सगळं आहे ना. कारण कारखान्यातूनच तुकडे कमी येतात कधी कधी, मग कशाला त्याच्या पाया पडायचं. पर्समध्ये माझा कवळ्यांच्या कामाचा जुना वजनकाटा घेऊन गेले. सगळे वर भाताचं कॅसरोल खात होते. मी हात धुवायला म्हणून खाली.

४११.

पुन्हा ठेवलं. ४११. चार ग्रॅम कमी.

मग खोकं उलटं करून बघितलं. कारखान्याच्या वेष्टनाला पाठीवर मधोमध शिवण असते आणि हवा जायला टाचणीएवढी भोकं. याला शिवण कडेला! भोकं नाहीतच. घरी केस वाळवायच्या यंत्राची गरम हवा मारून चिकटवलेलं. उघडलेलं खोकं परत सीलबंद केलेलं! आमच्या जगात याच्यापेक्षा मोठं पाप नाही. चोरी परवडली. चोर निदान म्हणत नाही की मी चोरी केलीच नाही.

डेलोरेस जिन्यात दिसली. "काही शोधतेयस का मर्ना?" मी म्हटलं, न्हाणीघर. म्हणाली, "वीस वर्षं तेच दार आहे." काटा पर्समध्ये टाकून वर आले आणि कॅसरोल खाल्लं. त्यात मीठ नव्हतं.

२३ सप्टेंबर

सगळं जुळलं. कासव कुठलं ते त्याला आधीच कळलंय. गुपचूप खोकं उघडलं, तुकडा काढला, खोकं परत बंद केलं म्हणजे कोणाला पत्ता लागू नये. आणि तेरा तारखेला, संग्रहालयाच्या बाईंसमोर, जहाज उलटं करून दाखवणार— बघा, जगातली एकमेव पूर्ण 'विलो क्वीन'! म्हणून नको होतं विकायला. म्हणून "आता कशाला"!

आणि तो वीस वर्षं साधूचा आव आणून फिरणारा माणूस. झाकली मूठ!

सबंध दिवस घरात येरझाऱ्या. बेव्हचा फोन घेतला नाही.

२४ सप्टेंबर

त्याच्या जहाजाचा स्टँड यंदा बुटका आहे आणि खाली काळं कापड अंथरतो. वा. पोट दिसायला नको कोणाला. मी आधीच ओळखायला हवं होतं.

२ ऑक्टोबर, मंगळवार

एकांतात जाऊन विचारावं का, असा विचार आला. पाच मिनिटं टिकला. एकांतात विचारलं तर म्हणेल कारखान्याची चूक, आणि कासव लपवून ठेवेल. सगळ्यांसमोरच व्हायला हवं. त्याचं ते पिवळं खोकं दर वर्षी प्रदर्शनात मांडतो, शेतीच्या किटांच्या टेबलावर. काटा मी नेणारच आहे.

१३ ऑक्टोबर, शनिवार

झालं.

मी सगळं जसं झालं तसं लिहिते. सकाळी बर्फाचा पहिला भुरका, त्यामुळे गर्दी बेताची. बाई अकराला आल्या. हुशार आहेत, जहाज बघताना चष्मा काढून जवळ गेल्या, हे मला आवडलं. माझ्या जहाजापाशी वीस मिनिटं. प्रत्येक तुकडा कुठल्या किटातला ते मी सांगत गेले. पोटाखालचं भोकही मीच दाखवलं. "हा एकच सापडलेला नाही, असं सगळे समजतात," मी म्हटलं.

मग मी शेतीच्या टेबलापाशी गेले. काटा ठेवला. टाळी वाजवून सगळ्यांना बोलावलं. म्हटलं, ऑर्विल स्टेनरुडच्या सीलबंद खोक्यांची आज जाहीर तपासणी. ठेवलं पिवळं खोकं. ४११. पूर्ण किटाचं वजन किती हवं ते सांगितलं. शिवण दाखवली, नसलेली भोकं दाखवली. ट्रेंटनं खोकं हातात घेऊन बघितलं आणि खाली ठेवलं. ज्यांनी ऑर्विलकडची जोडीतली जास्तीची खोकी वर्षानुवर्षं सीलबंद म्हणून विकत घेतलीत, त्यांचे चेहरे बघण्यासारखे होते.

ऑर्विल पुढे आला. मला वाटलं, आता थापा मारेल. त्यानं खिशातला चाकू काढला आणि वेष्टन स्वतः फाडलं. झाकण उघडलं. चौकटीला चिकटलेले सगळे तुकडे जागच्या जागी, आणि सत्तेचाळीसची जागा रिकामी. व्यवस्थित कापून घेतलेली, कडा घासून. एवढी सफाई मला त्याच्याकडून अपेक्षित नव्हती.

"मीच उघडलं," तो म्हणाला. "डिसेंबरात."

मी विचारलं, "आणि कासव कुठाय?"

तो माझ्याकडे बघत होता. रागानं नाही. कोड्यात पडल्यासारखा, म्हशीसारखा.

"मर्नाला माहीत आहे," तो म्हणाला.

निर्लज्जपणाची हद्द! मी म्हटलं, "मला तुझा खोटेपणा माहीत आहे, तेवढा पुरे." मग म्हटलं, वीस वर्षं तू या क्लबला फसवलंस. मग अजून काहीबाही म्हटलं. सगळं लिहीत नाही.

त्यानं आपलं जहाज उचललं, उलटं करून खोक्यात ठेवलं, डेलोरेसनं त्याचा कोट धरला, आणि दोघं गेली. जाताना ती थांबली माझ्यापाशी. मला वाटलं, आता शिव्या घालणार. नुसती म्हणाली, "त्यानं रात्रभर विचार करून उघडलं होतं गं ते."

हे काय समर्थन झालं?

१४ ऑक्टोबर, रविवार

बाईंचा फोन. माझी निवडली! माझी! बारा नोव्हेंबरला न्यायला येणार. काचेची पेटी, खाली पितळी पट्टी: मर्ना केटुनेन, डुलुथ.

बाबा असते तर म्हणाले असते, मळलंय बघ. एवढंच म्हणाले असते. पुरलं असतं.

केक आणला स्वतःसाठी. खाऊ शकत नाही. आणला.

१५ ऑक्टोबर

पितळी पट्टीवर अक्षरं किती मोठी असतात, ते विचारायला हवं होतं.

१९ ऑक्टोबर, शुक्रवार

ट्रेंट येऊन गेला. ऑर्विलनं राजीनामा दिला क्लबचा. दिलाच पाहिजे. ज्यांनी खोकी विकत घेतली होती त्यांनी घाबरून सगळी तपासली म्हणे. शिवण पाठीवर, भोकं जागच्या जागी. सगळी अस्सल. तीनशे एकोणचाळीस त्याच्या घरची, तीही ट्रेंटनं जाऊन पाहिली. सगळी अस्सल! ते एकच उघडलेलं. आणि ते तर त्यानं कधी विकलंच नाही.

मी म्हटलं, एक काय आणि दहा काय. विषाची परीक्षा थेंबानंच होते.

ट्रेंट टोपी फिरवत बसला. मग म्हणाला, "एक विचारू? त्यानं जहाज उलटं केलं तेव्हा मी बघितलं. त्याच्या जहाजाच्या पोटालाही भोकच होतं."

मी म्हटलं, घरी लपवलं असेल.

"कशाला?" तो म्हणाला. "निवड होती त्या दिवशी. लावलं असतं तर जिंकला असता."

यंत्राकडून कामं करून घेणाऱ्यांनी विचार करू नयेत. सवय नसते.

२१ ऑक्टोबर

चर्चमध्ये स्टेनरुड मंडळी दिसली नाहीत. मी नेहमीच्या बाकावर बसले. शेजारचे चारजण पुढच्या बाकावर सरकले. सरकेनात का. तिथे वारा लागत नसेल.

२७ ऑक्टोबर, शनिवार

बेव्हला सगळं सांगितलं. तिला काडीचं कळत नाही यातलं, म्हणूनच सांगितलं. म्हणाली, "त्यानं स्वतःसाठी काढलं नाही, विकलं नाही, मग कोणाला दिलं?"

मी म्हटलं, मला काय माहीत.

"तो तर म्हणाला तुला माहीत आहे म्हणून."

गाढवाला गुळाची चव काय. तरी तिनं फोन ठेवल्यावर बराच वेळ उभी होते हातात रिसीव्हर घेऊन.

३ नोव्हेंबर, शनिवार

बाईंचं पत्र. पट्टीवरचा मजकूर बघून द्या म्हणतात. "पोटाखालच्या रिकाम्या जागेबद्दल काय लिहायचं?" मी लिहून पाठवलं: मूळ तुकडा अजून हाती नाही. कासव कशाचं आहे हे आता सगळ्या क्लबला ठाऊक आहे, माझ्यामुळे. आणि ते जगात कुठेतरी आहे, कापून, कडा घासून, तयार. पण कुठे?

"मर्नाला माहीत आहे." दात घासताना, किराणा आणताना, टपाल घेताना तेच वाक्य. सुपातल्या खड्यासारखं. पाखडून टाकावं तर परत तिथेच.

त्याला खोटं बोलता येत नाही. तीच तर त्याची अडचण आहे, वीस वर्षं.

८ नोव्हेंबर, गुरुवार

जहाजाला शेवटचा हात. धूर बसल्याचे डाग, गंज. नाकाजवळ बाबांच्या धक्क्याचा नंबर घातलाय, बारीक, कोणाला दिसणार नाही. मूळ जहाजावर नव्हता. इतरांनी केलं असतं तर फाडून खाल्लं असतं मी त्यांना.

१० नोव्हेंबर, शनिवार

चाकूच्या पात्याचं टोक तुटून टेबलाखाली उडालं. शोधायला गुडघ्यावर बसले. लाल कागद समोर. दहा महिने टेबलाच्या पायाखाली दबून मळकट झालेला. ऑर्विलची डबी.

ओढून काढली. हलवली. वड्यांचा आवाज नव्हता. फाडली.

आत कापूस. कापसात कासव. आणि त्याच्या त्या मोठ्या, शाळकरी अक्षरात चिठ्ठी: "मर्ना, मला वाटतं हेच ते. बटाट्याच्या किटातलं. पण माझं मोजणं चुकतं, म्हणून आधी तू बघ. बरोबर असेल तर तुझ्याच जहाजाला लाव आणि सगळ्यांना तूच सांग. तू सांगेपर्यंत मी बोलणार नाही. वड्या तुला चालत नाहीत. ऑर्विल."

काट्यावर ठेवलं. चार ग्रॅम.

जानेवारीत त्यानं तीनदा विचारलं होतं, डबी उघडलीस का. आणि मी त्याला म्हणाले होते, छान होती.